सगळ्यांना दिसलेला मुलगा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरी, बाहेरच्या खोलीत, रविवारी भरदुपारी घडलंय हे. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी जरा लक्ष द्यावं.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. उरलेल्या वेळात एका अंतराळयानाच्या मालिकेचं चाहत्यांचं पेज सांभाळते. तिथे तिला सगळे 'चष्मेवाली' म्हणतात. तिचा नियम एकच, पण कडक. भागात नसलेला प्रसंग कोणी लिहिला, की कमेंट उडाली.

त्या दिवशी नवा भाग आला होता. यानावरचा एक सोबती मरतो. बाकीचे खचू नयेत म्हणून डॉक्टर सगळ्यांच्या मनातली त्याची आठवणच दाबून टाकतो. पेजवर नुसती रणधुमाळी. कोणी म्हणे, डॉक्टरने बरोबर केलं. कोणी म्हणे, हा तर त्या बिचाऱ्याचा दुसऱ्यांदा केलेला खून.

आणि मग एक कमेंट आली...

"पॅसेजमध्ये उभा असलेला तो लहान मुलगा कोण?"

भागात मुलगा नव्हताच. तिने कमेंट उडवली.

दुसरी आली. एक बूट पायात, एक हातात, पुढचा दात पडलेला. तीही उडवली.

मग रांगच लागली. त्याला बघून रडू आलं म्हणे. तो कोणाची तरी वाट बघत असावा म्हणे.

तिने भाग पुन्हा लावला. पॅसेज आला. लांब, पांढरा...

रिकामा.

"चष्मेवाली, आधी स्वतःचे डोळे तपास," कोणीतरी लिहिलं. सगळे हसले. तीही हसली.

तिने आईला हाक मारली. आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. हवेत उडणाऱ्या डब्यांचं काय बघायचं, असं नेहमीचं पुटपुटत आली आणि टॉवेल घेऊनच सोफ्यावर बसली.

पॅसेज आला...

आईचे हात थांबले.

ती उठली. टीव्हीपाशी गेली आणि काचेवर तळहात ठेवला. खाली... लहान मुलाचा गाल असेल तिथे.

"बंड्या," आई म्हणाली.

हे नाव त्या घरात कधीच कोणी घेतलं नव्हतं. तरी ते ऐकून माझ्या बहिणीने चटकन दाराकडे बघितलं.

मग आईने सगळं सांगितलं. माझ्या बहिणीला एक मोठा भाऊ होता. तापाने गेला. ही तेव्हा चार वर्षांची. दाराशी बसून राहायची, जेवायची नाही, एकच विचारायची, दादा कुठे? डॉक्टर म्हणाले, घर बदला, फोटो काढून टाका, नाव घेऊ नका. मूल आहे, विसरेल.

"आणि तू विसरलीस," आई म्हणाली. "तू जेवायला लागलीस म्हणून आम्ही तोंडाला कुलूप लावलं. तुझे बाबा गेल्यावर तर त्याच्याबद्दल बोलायला मला माणूसच उरलं नाही गं."

इतकी वर्षं आई एकटीच हे पोटात घेऊन तिच्यासोबत वावरत होती. माझी बहीण तिच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडली.

तिने विचारल्यावर मालिकावाल्यांनी कळवलं, चित्रीकरणात लहान मूल नव्हतंच.

त्यानंतर तिने पेजवर हात जोडून विचारलं, तो कसा दिसतो, सांगा ना. लोक लिहीत गेले. ती आईला वाचून दाखवायची. आई म्हणायची, हो, अगदी असाच.

दर रविवारी दोघी तो भाग लावतात. तिने जवळून बघितलं, लांबून बघितलं, दुकानातली भिंगं आणून बघितलं. डोळ्यांत काही दोष नाही. तिला दिसतो तो नुसता पांढरा पॅसेज.

मागच्या रविवारी आई हळूच म्हणाली, "आज तो तुझ्याकडे बघतोय. हात हलव की."

तिने टीव्हीकडे बघून हात हलवला. बराच वेळ हलवत राहिली.

"तिकडे नाही गं," आई म्हणाली.

आणि तिचा हात धरून सोफ्यावर, दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे वळवला...

ती जागा त्या आता मोकळी ठेवतात. मी गेले की खुर्चीवर बसते.