झिऱ्याचं कार्ड

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं ते दुकान शुभांगीला सापडता सापडेना. स्कूटीच्या पुढ्यात शेवंतीच्या दोन करंड्या, आणि डिसेंबरच्या थंडीनं बधिर झालेली बोटं... शेवटी एका काचेच्या दारावर फाशांचं चित्र दिसलं, तेव्हा ती उतरली. बोर्ड गेम्सच्या त्या दुकानाचा आज पहिला वाढदिवस होता, आणि मालक अमोलनं मखमलाबादच्या तिच्या वडिलांच्या मळ्यातून फुलं मागवली होती.

आत अमोल नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण कार्डं खेळत होता. एकटाच – पण दोघांसाठी. या खुर्चीत बसून एक कार्ड टाकायचं, मग उठून समोरच्या खुर्चीत जाऊन गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचं.

"फुलं कुठे ठेवू?"

"हं... तिथेच." त्यानं मानही वर केली नाही.

शुभांगी निघालीच असती. पण ती एका कोचिंग क्लासमध्ये संख्याशास्त्र शिकवायची, आणि आकडे मांडलेले दिसले की तिचा पाय निघत नसे. ती पाच मिनिटं उभी राहिली. त्याला पत्ताच नव्हता.

"त्या खुर्चीतले तुम्ही हरणार," ती म्हणाली.

आता मात्र त्यानं वर पाहिलं. सावळा चेहरा, विस्कटलेले केस, आणि डोळे असे की जणू कुणीतरी त्याला गाढ झोपेतून हलवून उठवलंय.

"का?"

"या खुर्चीतल्या तुम्हाला ते निळं कार्ड सुरुवातीलाच मिळालं. डाव तिथंच संपला."

"तुम्ही खेळलाय हा खेळ?"

"आत्ताच बघतेय पहिल्यांदा."

"तेच म्हटलं... कारण हा अजून बाजारात आलेलाच नाही. मी बनवतोय." तो हसला, आणि समोरची खुर्ची त्यानं तिच्यासाठी ओढली. "बसा ना. मला स्वतःशी खेळून कंटाळा आलाय. मी फार वाईट खेळतो."

त्याचं नाव हिरामण. सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. नाशिकला चित्रकला शिकला, जाहिरातींची कामं करून पोट भरत होता, आणि दोन वर्षं हा खेळ रचत होता. प्रत्येक कार्डावर त्याच्या हातचं चित्र होतं – मोहाचं झाड, नाचणीचं शेत, बिबट्या. खेळात खर्च करायचे ते पाण्याचे थेंब. पहिल्या टर्नला दोन थेंब, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार... जितकं कार्ड मोठं, तितके थेंब जास्त. निळं कार्ड होतं 'झिरा', म्हणजे ओढ्यात खणलेला पाण्याचा खड्डा. दोन थेंब देऊन खणायचा, मग पुढच्या प्रत्येक टर्नला एक थेंब जादा.

"एकच थेंब तर मिळतो," हिरामण म्हणाला. "आणि शेवटी शेवटी हातात आला तर काडीचा उपयोग नाही. म्हणजे बरोबरी झाली की!"

"तुम्ही थेंब मोजताय. त्या थेंबानं काय लवकर येतं, ते बघा ना." तिनं कार्डं भराभर मांडली. "बिबट्याला सहा थेंब लागतात. म्हणजे तो पाचव्या टर्नला येणार. बरोबर? आता पहिल्या टर्नला एक झिरा, दुसऱ्याला दुसरा... तिसऱ्या टर्नला माझ्याकडे किती?"

तो बोटांवर मोजत राहिला. "चार... आणि दोन. सहा."

"तिसऱ्या टर्नला बिबट्या! आणि समोर तुमच्याकडे काय? एक शेळी."

शेळीच्या कार्डाकडे बघून दोघंही एकदम हसत सुटले. अमोल आला तेव्हा करंड्या दारातच होत्या आणि हिरामणनं शुभांगीला दिलेला चहा गार झाला होता.

"महिन्याअखेरीस खेळ छापायला जाणार आहे," हिरामण तिला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. "तोवर... म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर... हे कार्ड खरंच किती वरचढ ठरतं, ते बघाल का?"

"चाळीस डाव तरी खेळावे लागतील. त्याशिवाय मी काही बोलत नाही."

"चाळीस?" त्याचा चेहरा इतका उजळला की शुभांगीला हेल्मेट घालायची घाई झाली.

मग रोज संध्याकाळी क्लास सुटला की ती तिकडे वळू लागली. वहीत एक रकाना झिरा सुरुवातीला आला त्याचा, एक उशिरा आला त्याचा, एक कोण जिंकलं त्याचा. हिरामण हरला की कपाळावर हात मारायचा, जिंकला की गुपचूप तिच्या कपात आणखी चहा ओतायचा. कितव्यातरी डावात 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्याची नोंद मात्र वहीत नव्हती.

"तू कार्ड टाकायच्या आधी ओठ चावतेस," एकदा तो म्हणाला. "मला आधीच कळतं, काहीतरी भयंकर येणार."

"मग कार्डांकडे बघत जा. माझ्याकडे काय बघतोस?"

"कार्डं मीच काढलीयेत. पाठ आहेत मला."

शुभांगीनं वही उगाच पुन्हा चाळली... कान तापले होते.

चाळिसावा डाव संपला. कार्डं छापायला द्यायच्या आदल्या दिवशी. तिनं बेरीज केली, पुन्हा केली. झिरा ज्याच्या हातात सुरुवातीलाच आला, असे एकतीस डाव. त्यातले सव्वीस त्यानंच जिंकलेले.

खोटं बोलणं सोपं होतं. अमोलला तर दुकानात विकायला ते कार्ड तसंच हवं होतं. 'लोकांना असलीच कार्डं आवडतात,' तो म्हणायचा. आणि हिरामणचे ते डोळे...

"झिरा तसाच छापलास तर खेळ मोडेल," तिनं सांगितलं. "ज्याला मिळाला तो जिंकला. बाकी विचार करायला काही उरतच नाही."

"बाकी काहीही बदलतो. झिरा नाही."

"का पण?"

"तो माझ्या आईचा आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "उन्हाळ्यात विहीर आटली की आई ओढ्यात खड्डा खणायची. वाटीवाटीनं हंडा भरायची, तास तास. मी शेजारी बसून राहायचो. त्या पाण्यावर वाढलोय मी. तो माझ्या खेळात दुबळा नको, एवढंच."

शुभांगीला गलबलून आलं. तरीही तिनं वही मिटली नाही.

"तुझ्या आईबद्दल मी एक शब्द बोलत नाहीये, हिरामण. पण मी आकडा बदलणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून तर नाहीच." मग ती हळूच म्हणाली, "त्या झिऱ्याचं पाणी... फक्त तुमच्या घरात यायचं का रे?"

त्यानं कार्डं गोळा केली, पिशवीत घातली आणि निघून गेला. काचेचं दार कितीतरी वेळ हलत राहिलं.

चार दिवस फोन नाही. खेळ छापायचा थांबवला, एवढंच अमोलकडून कळलं. शुभांगी क्लासमध्ये फळ्यावर सरासरी शिकवत होती आणि तिसऱ्यांदा तीच बेरीज चुकली, तेव्हा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. तिला स्वतःचाच राग आला. कशाला बोलले? मग आणखी राग आला – कारण पुन्हा विचारलं असतं, तरी तिनं हेच सांगितलं असतं.

पाचव्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी ती अण्णांबरोबर पंचवटीतल्या फुलबाजारात बसायची. धुकं नुकतं विरत होतं, झेंडूच्या ढिगांवर दव होतं. अण्णा, म्हणजे तिचे वडील गोटीराम, टेम्पोतून क्रेट उतरवायला गेले होते. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"किलोभर शेवंती," हिरामण म्हणाला. "आणि एक डाव."

गावात रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या एसटीनं पहाटेच निघालेला असावा. केस आणखीच विस्कटलेले, मफलर एका खांद्यावर. तिनं काही विचारायच्या आत त्यानं रिकामा क्रेट पालथा घातला आणि कार्डं मांडली.

"गावी गेलो होतो. आईला तुझा प्रश्न विचारला. ती हसायलाच लागली. म्हणाली, येडा का तू? आपल्या झिऱ्यावर सगळा पाडा पाणी भरायचा. आधी आपला हंडा, मग त्यांचे. खणला मी, पण पाणी माझं कसं?" त्यानं निळं कार्ड पुढे केलं. "मी तेच विसरलो होतो, शुभांगी. वाच."

तिनं वाचलं. झिरा खणणाऱ्याला पुढच्या टर्नपासून एक थेंब. आणि त्याच्याही पुढच्या टर्नपासून समोरच्यालाही एक थेंब.

तिच्या मनात डाव फिरू लागले... आधी आपला हंडा. एक टर्न पुढे, बस. पण त्या एका टर्नमध्ये मोठं काही आणता आलं, तर... आणि नाही आणता आलं, तर आपणच समोरच्याची तहान भागवली!

"आता हा नुसता हातात आला की डाव जिंकला, असं नाही," ती सावकाश म्हणाली. "कधी खणायचा, याचा विचार करावा लागेल. हिरामण... हे फार सुंदर झालंय."

"चाळीस डाव खेळल्याशिवाय तू बोलत नाहीस ना?"

"आज बोलले."

तो एका दमात म्हणाला, "मला चाळीस पुरणार नाहीत. खेळ छापून झाला तरी तू यायला हवीस... रोज. खेळासाठी नाही. मला तू आवडतेस. मला बरं वाटावं म्हणून तू खोटं बोलली नाहीस, तेव्हा राग आला होता फार... आणि बसमध्ये बसल्यावर कळलं, असं माणूस मला दुसरं मिळणार नाही."

झेंडूनं पिवळी झालेली बोटं तिनं ओढणीला पुसली. उगाचच, दोनदा. "मीही बेरजा चुकतेय चार दिवस," ती पुटपुटली. "मुली हसतात मला."

"कोण पाहुणे?"

अण्णा क्रेट घेऊन उभे होते. गिऱ्हाईक आहे, असं म्हणता आलं असतं. शुभांगी उठली.

"अण्णा, हा हिरामण. सुरगाण्याकडचा. मला आवडतो."

अण्णांनी क्रेट खाली ठेवला. त्याच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. बराच वेळ शेवंती वरखाली करत राहिले.

"आपल्यातला नाय," ते म्हणाले.

"नाही," शुभांगी म्हणाली.

"तुझी आई लय बोलंल. भावकी बोलंल. सोपं नाय जायाचं, सांगून ठेवतो."

"माहितीये, अण्णा."

"घरी कोण हाय रे तुझ्या?"

"आई," हिरामण म्हणाला. "आम्ही दोघंच."

अण्णांनी ओंजळभर पांढरी शेवंती उचलली, ओल्या कागदात नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"ही आईला दे. अन् पुढच्या रविवारी त्यांना घेऊन ये मळ्यात. तुमचं-आमचं काय जमतं, ते मोठ्यांनी बसून बघावं. असं क्रेटावर नाय."

ते पुन्हा टेम्पोकडे वळले. हिरामण तसाच उभा होता, कागदातून पाणी त्याच्या मनगटावर ओघळत होतं. शुभांगीनं त्याची मफलर नीट केली, फक्त एवढंच. मग एक बाई झेंडू मागायला आली, आणि शुभांगीनं तिला किलोच्या जागी दीड किलो घातला.

लांबून अण्णांनी काट्याकडे पाहिलं... आणि पाहिलंच नाही असं केलं.