मखमलीसारखा काळा

"काका, आजोबा पडले तेव्हा पडद्यावर नक्की काय दिसत होतं?"

प्रश्न विचारला आणि जेवणाच्या टेबलावरचे सगळे चमचे एकदम मुके झाले. आईने डोळे मोठे केले. बाबांनी पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.

प्रश्न टाचणीने विचारला होता, आणि आता माघार नव्हती. शाळेच्या जिन्यात बसून मैत्रिणींनी पैज लावली होती. "विचारून दाखव! नाही विचारलंस तर आजपासून तू टाचणी नाहीस, कापूस." हे बोलली ती त्यांच्यातली चष्मेवाली. दुसरी, भिंगरी, एरवी एका जागी कधी न बसणारी, त्या दिवशी भिंतीला टेकून गप्प होती. तिची आई कालपासून पोलीस ठाण्यात होती.

भिंगरीची आई म्हणजे आजोबांची सिस्टर, नर्स. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांची काळजी घ्यायला ती रोज यायची. काल दुपारी आजोबा जिन्याच्या तळाशी पडलेले तिलाच आधी दिसले. डोक्याला मार, शुद्ध नाही. दंडावर कुणीतरी घट्ट धरल्याच्या खुणा. घरात तेव्हा तिघंच होते: आजोबा, सिस्टर आणि काका. काका वर आपल्या थिएटरच्या खोलीत होता. उरली कोण?

"हा काय प्रश्न झाला?" काका म्हणाला.

"सहज. तुझा कार्यक्रम बघणारे विचारतील ना!"

काकाचा इंटरनेटवर कार्यक्रम होता. व्हिडिओ केबल्सची तुलना. साधी केबल, भारी केबल, अतिभारी केबल. कुठल्या केबलने चित्र कसं दिसतं हे तो असं रंगवून सांगायचा, की बघणाऱ्याला स्वतःच्या घरचा टीव्ही म्हणजे धुवायला टाकलेलं फडकं वाटावं. चाहते त्याला 'सोनेरी डोळा' म्हणत. तोही स्वतःला तेच म्हणू लागला होता.

"काल तीन केबल्स होत्या," काका म्हणाला. कामाचा विषय निघाला की त्याचा आवाज आपोआप सुधारत असे. "आधी साधी. मग जाड, जाळीच्या आवरणाची. शेवटी निळी."

"निळी म्हणजे ती काचेच्या तंतूची? जिच्यातून प्रकाश धावतो?"

"तीच. रात्रीच्या तळ्याचा प्रसंग लावला होता. काय काळा रंग होता! मखमलीसारखा. बाकीच्या दोघींनी तोच काळा राखेसारखा दिसतो. मी बघतच बसलो होतो, तेवढ्यात सिस्टरची किंकाळी ऐकू आली."

"म्हणजे शेवटपर्यंत निळीच लावलेली होती?"

"अगं हो! पोलिसांनाही हेच लिहून दिलंय. तू वकील आहेस का?"

"बास," बाबा म्हणाले. "जेव."

ती जेवली. पण घास कुठे जातोय ते तिला कळत नव्हतं. कारण एक गोष्ट तिने फक्त मैत्रिणींना सांगितली होती. काल सकाळी ती शाळेला निघताना आजोबांनी तिला खुणेने जवळ बोलावलं होतं. आजोबांनी कॉलेजात उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवलेलं. डोळे मिचकावत ते म्हणाले होते, "तुझ्या काकाची मी परीक्षा घेतली. आज दुपारी निकाल सांगणार आहे."

कसली परीक्षा? ते सांगण्याआधीच ते जिन्याच्या तळाशी पोचले होते.

*

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर मॅडम आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावर चढत गेला तसं घर लहान लहान होत गेल्यासारखं वाटलं.

थिएटरच्या खोलीच्या दाराला परवा संध्याकाळपासून सील होतं. त्यांनी ते तोडलं. दार जाड होतं, आतून गादीसारखं मढवलेलं. खोलीच्या भिंतीही तशाच. काका आत जाऊन दार लावून बसला की जेवायला हाक मारून उपयोग नसे. आई खालून फोन करायची, तोही तो कधी उचलायचा, कधी नाही.

"यातलं कळणारं कोणी हवंय," मॅडम म्हणाल्या. "यंत्रं चालू करून बघायचीत. लिहून दिलंय ते जुळतंय का, एवढंच."

"मी करतो की," काका पुढे झाला.

"तुम्ही दारात थांबा."

बाबांनी हात वर केले. "मला साधा रिमोट सापडत नाही."

"मी करते!" टाचणी आईच्या हाताखालून आत सटकलीसुद्धा.

खोलीत खिडकी नव्हती. गार, बंद पेटीसारखा वास. भिंतीएवढा टीव्ही, काळा आणि गप्प. समोर टेबलावर प्लेअर. साधी आणि जाड अशा दोन केबल्स वेटोळं करून बाजूला ठेवलेल्या. तिसरी, निळी, प्लेअरपासून टीव्हीपर्यंत जोडलेली. आपण साप बघतोय असं तिला उगाच वाटलं.

तिने प्लेअर चालू केला. टीव्ही चालू केला. पडदा काळाच राहिला. मग मधोमध अक्षरं आली: सिग्नल नाही.

"बिघडला असेल," मॅडम म्हणाल्या.

"एक मिनिट."

ती वाकली. निळ्या केबलच्या दोन्ही टोकांना छोटे शिक्के होते. एकावर प्लेअरचं चित्र, दुसऱ्यावर टीव्हीचं. टीव्हीचा शिक्का प्लेअरमध्ये खुपसलेला होता. तिने टीव्हीची मागची बाजू पाहिली. तिथे प्लेअरचा शिक्का.

"मॅडम, तुमच्या लोकांनी याला हात लावलाय?"

"नाही. टीव्ही बंद होता, आपोआप झाला असेल असं वाटलं. फोटो काढले आणि सील केलं."

"फोटो आहेत? या टोकाचे?"

मॅडमनी मोबाइल काढला. परवा संध्याकाळचा फोटो मोठा केला. टीव्हीचा शिक्का, प्लेअरच्या तोंडात.

टाचणीने केबल काढली, फिरवली, पुन्हा जोडली. भिंत उजळली. रात्रीचं तळं. पाण्यावर चंद्राची एक थरथरती रेघ. इतकं सुंदर, की भीतीच वाटावी.

दारात काका उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर तळ्याचा उजेड हलत होता.

*

"तू सांगशील का मी अंदाज करू?" मॅडमनी टाचणीला विचारलं.

"मी सांगते." आवाज थोडा चिरकला, पण लगेच सरळ झाला. "साध्या केबलची दोन्ही टोकं सारखीच. कशीही लावा, चालते. या निळीचं तसं नाही. हिच्यात एका टोकाला प्रकाश तयार होतो, दुसऱ्या टोकाला पोचतो. उलटी लावली की काहीच जात नाही. धूसर नाही, फिकं नाही. काहीच नाही. काकाने स्वतःच्या कार्यक्रमात हे दहा वेळा सांगितलंय."

"पुढे?"

"काका म्हणतो, तो निळ्या केबलवर तळं बघत होता आणि काळा रंग मखमलीसारखा होता. ही केबल उलटी होती. तळं नव्हतंच. या केबलवर त्याने परवा काही म्हणजे काही पाहिलेलं नाही."

"मी... ती मी नंतर फिरवली असेन," काका म्हणाला.

"नंतर कधी? किंकाळी ऐकेपर्यंत बघत होतास, हे तूच लिहून दिलंस. मग तू खाली धावलास, आणि परत वर आलास तो पोलिसांबरोबर."

"घाईत माणसाचं चुकतं!"

"हो ना," टाचणी म्हणाली. "पण सिनेमा बघणाऱ्याला घाई कसली, काका?"

टीव्हीतलं पाणी तेवढं हलत होतं.

"आणि किंकाळीचं काय?" ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही बाहेर जा, दार लावा आणि मोठ्याने ओरडा."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी सोबतच्या शिपायाला बाहेर पाठवलं, दार लावलं. शिपाई ओरडला का, तेही आत कुणालाच कळलं नाही. दार उघडल्यावर तो खाकरत म्हणाला, "दोनदा ओरडलो, मॅडम."

"म्हणजे दार उघडं होतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "उघड्या दारातून किंकाळी ऐकू आली, आणि दारासमोरच्या जिन्यावरून माणूस गडगडत खाली गेला तो मात्र ऐकू आला नाही?"

बाबा भिंतीला टेकले. "अरे, बोल ना काहीतरी," ते काकाला म्हणाले. विनवणीसारखं म्हणाले.

"आजोबांनी तुझी कसली परीक्षा घेतली होती, काका?" टाचणीने विचारलं.

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. तो मटकन खाली बसला, उंबऱ्यावरच.

"त्यांनी आवरण बदललं होतं," तो म्हणाला. आवाज पार कोरडा. "जाड केबलची जाळी काढून साध्या केबलवर चढवली. मला पत्ताच नाही. मी मागच्या कार्यक्रमात तासभर त्या केबलची स्तुती केली. सावल्या किती खोल, रंग किती श्रीमंत. आणि ती साधी होती, दादा! परवा जिन्यात थांबवून हसत सांगितलं मला. म्हणाले, केबलने चित्र एकतर पूर्ण पोचतं नाहीतर तुटतं, रंग गडद करणं तिच्या हातात नसतं. हे तूच लोकांना सांग, नाहीतर मी सांगतो."

"म्हणून ढकललंस?"

"मोबाइल काढला होता त्यांनी. मी दंड धरला. ते सोडवायला लागले. मी... झटकलं." त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "ते हलत नव्हते. मला वाटलं संपलं. मी आत आलो. काहीतरी जोडलेलं दिसायला हवं होतं. निळी हाताला आली. टीव्ही लावायच्या आतच सिस्टर ओरडली."

"आणि तिला नेलं तेव्हा गप्प बसलास," आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

*

काकाला नेलं. निघताना मॅडमनी टाचणीला बाजूला घेतलं होतं. "त्याने पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. उद्या तो फिरू शकतो. जेवताना तो तुला काय म्हणाला आणि आजोबा सकाळी काय म्हणाले, हा जबाब तुझाच लागेल. आईबाबांना घेऊन ये. आज आलीस तर सिस्टरला सोडायला मलाही सोपं जाईल."

बाबा खुर्चीत जाऊन बसले. मग त्यांनी हाक मारली, तिच्या लहानपणीच्या आवाजात.

"बाळा, तुझं शाळेचं वय. पेपरात नाव येईल, लोक बोट दाखवतील. काका आहे तो तुझा. सायकल कुणी शिकवली तुला? सकाळचं आजोबांचं बोलणं... तुला नीट आठवत नाही, असं म्हटलं तर? पोलीस बघून घेतील त्यांचं ते."

आईने बाबांकडे पाहिलं.

सायकल काकानेच शिकवली होती. मागे धरून धावत, ओरडत, हसत. तिला रडू फुटणार होतं, आणि थोडं फुटलंही. तिने बाहीने नाक पुसलं.

हॉस्पिटलात आजोबा नळ्यांमध्ये पडून होते. डॉक्टर अजून काहीच सांगत नव्हते. आणि तिकडे ठाण्याच्या बाकावर भिंगरी शाळेच्या कपड्यांतच बसली होती, आईला आत भेटू देतील म्हणून.

"मला नीट आठवतंय, बाबा," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. मी जबाब देणार आहे. आजोबा शुद्धीवर आले तरी, नाही आले तरी. आणि उद्या नाही, आत्ता. तुम्ही गाडी काढताय, का मी चालत जाऊ?"