रिकाम्या खुर्चीचं माप

माईंनी खोलीचं कुलूप काढलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि इंजिनिअर कुरकुरत मागे उभा होता.

"माई, उगाच हट्ट करताय. तीस वर्षांचं मशीन! या वयात माणसंसुद्धा विसरायला लागतात."

"मी सत्तरीची आहे. तुझ्या लग्नात सप्तपदीच्या कितव्या पावलाला तू अडखळून पडला होतास, ते सांगू?"

इंजिनिअरने टकलावरून हात फिरवला.

कातडीतून किती पाणी उडून जातं, हे मोजणारं ते मशीन. अंगठ्याएवढी नळी हातावर टेकवायची, की डब्यावर आकडा यायचा. माईंनी तीस वर्षं मलमं तपासली ती त्याच्याच भरवशावर. आज त्याची नव्या मशीनशी गाठ होती. आकडे जुळले तर जुनं इथेच राहणार, नाही तर दुपारी भंगारात. माई वरवर हसत होत्या, पण आतून जीव टांगणीला लागला होता.

भिंतीलगत पाच खुर्च्या अजून तशाच होत्या. एके काळी दर सोमवारी तिथे पाच जणी बाह्या सरसावून बसायच्या: माईंची धाकटी जाऊ, शिंपीणबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि दोघी सख्ख्या बहिणी. मोजण्याआधी वीस मिनिटं गप्प बसायचं, असा नियम. त्या पाच जणींना गप्प बसवणं म्हणजे उतू जाणारं दूध फुंकरीने थोपवणं! जाऊ तर नळी टेकताच खुसखुसायची आणि आकडा टुणकन वर जायचा. "जाऊबाई, माझं पाणी नाही, हसू उडून जातंय!"

आता त्यांच्यातलं कुणीच उरलं नव्हतं. जाऊ सगळ्यांत शेवटी गेली, मागच्या हिवाळ्यात.

"आधी हवेचं माप," इंजिनिअर म्हणाला. रिकाम्या हवेत शून्य यायला हवं. त्याने जुन्या मशीनची नळी पहिल्या खुर्चीवर अधांतरी धरली.

आठ पॉइंट दोन.

"संपलं! हवेला घाम फुटलाय!" तो खदखदून हसला.

माईंचा चेहरा उतरला. पण आकडा ओळखीचा होता.

"तुझं नवं लाव बघू."

नव्यावरही आठ पॉइंट दोन.

त्याने पंखा पाहिला. बंद. खिडक्या पाहिल्या. बंद. खुर्ची रुमालाने पुसली. रुमाल कोरडा. पुन्हा मोजलं. दोन्हींवर आठ पॉइंट दोन.

"पुढच्या खुर्चीवर साडेसहा येईल," माई हळूच म्हणाल्या.

साडेसहा आलं.

"मग अकरा. शाळेच्या बाईंचा हात कायम ओलसर."

अकरा.

"बहिणी सारख्याच. सात."

सात. सात.

"हे नवं मशीन मी आत्ता खोक्यातून काढलंय, माई. त्याला कुणाचाच हात माहीत नाही."

"मला आहेत ना माहीत."

घाबरायचं सोडून माईंना आनंदाचं भरतं आलं होतं. माहेरी आल्यासारखं वाटत होतं. त्या दोन्ही नळ्या घेऊन पहिल्या खुर्चीजवळ वाकल्या.

"काय गं, सासूबाईंची कवळी पाहुण्यांच्या चहात पडली होती, आठवतं?"

आठ पॉइंट दोन. नऊ. साडेअकरा.

दोन्ही मशीनवरचे आकडे एकदमच चढत होते. माई डोळे पुसत हसत राहिल्या.

इंजिनिअरने दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. मग त्याने कागद ओढला आणि लिहिलं: दोन्ही यंत्रं तंतोतंत जुळतात, जुनं भरवशाचं आहे.

"खोटं तर काही लिहिलं नाही मी," तो पुटपुटला.

"मग मी सकाळपासून काय सांगतेय?"

माईंनी जुन्या मशीनवर कापड घातलं, त्याला दोनदा थोपटलं. इंजिनिअरने दार उघडून धरलं. माई बाहेर आल्या.

तो दार धरूनच उभा राहिला.

अंग चोरून, पाठ चौकटीला लावून.

थोडा बाजूला सरकला. आणखी थोडा.

मग माईंकडे न बघता, रिकाम्या उंबरठ्याकडे मान किंचित झुकवून म्हणाला, "सावकाश हं. पायरी आहे."