गुरुवारचा धूर

थंडीत गाडी सुरू केली की सायलेन्सरच्या तोंडातून पाणी ठिबकतं. पेट्रोल जळताना वाफ होते, वाफेचं पाणी होतं. फार तर चमचाभर. नितळ, किंचित आंबूस वासाचं.

हा थेंब पडलाच नाही.

पाइपच्या कडेला लोंबत राहिला. पांढरट. थंड होत गेला तसा घट्ट होत गेला... आणि मेणासारखा तिथेच चिकटून बसला.

बेगायिमला आधी किळस आली. भीती नंतरची.

वाचणाऱ्याला खोटं वाटेल, पण यात एक शब्द वाढवलेला नाही. तोकमोक गाव, कालव्याच्या अलीकडची गल्ली, नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार, दुपारचे चार. त्या गल्लीत आजही कोणालाही विचारा.

बेगायिम डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातली चरबी मोजते. तिचा नवरा मिर्लान प्रवासी गाडी चालवतो. घरची गाडी वेगळी, जुनी जपानी, त्याच्या जिवापाड आवडीची. त्या दिवशी त्याने अंगणातच गाडीचा सायलेन्सर बदलायला घेतला होता. गाडीखाली उतरायचा खड्डा त्याने स्वतःच खणलेला. गंजलेले बोल्ट ग्राइंडरने कापले, नव्या रबरी कड्या अडकवल्या, सांध्याला गॅस्केट घालून आवळलं.

सायलेन्सर मात्र नवा नव्हता. मोडलेल्या गाड्यांच्या बाजारातून आणलेला. मिर्लानला तो खर्जातला आवाज हवा होता. कोणाच्या गाडीचा, असं विचारल्यावर विकणारा हसून म्हणाला होता, मालकाला आता लागत नाही.

इंजिन सुरू झालं. आवाज खरंच सुरेख होता.

मग वास आला...

पेट्रोलचा नाही. तापलेल्या तेलाचा. पुन्हा पुन्हा तापवून काळ्या झालेल्या तेलाचा, आणि त्यात मेंढीच्या शेपटीतल्या वितळलेल्या चरबीचा. घशाच्या मागे जाऊन बसणारा.

तोकमोकमध्ये गुरुवारी घरोघरी तेल तापतं. पिठाचे छोटे गोळे, बोरसोक, तळतात. बोरसोक खायचे जिवंतांनी. वास असतो तो गेलेल्यांसाठी.

पाच मिनिटांत फाटक वाजलं. समोरची शारकान-आपा आत आली. बाकावर बसली, तळहात पसरून दुआ पुटपुटली, हात चेहऱ्यावरून फिरवले.

"कोणासाठी तळलंस गं, पोरी?"

"कोणासाठीच नाही, आपा. आज चूलसुद्धा पेटलेली नाही."

म्हातारीने गाडीकडे पाहिलं. पाइपकडे पाहिलं. डोक्याच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं.

"मग तुमच्या अंगणात कोण जेवतंय?"

मिर्लान खड्ड्यातूनच हसला. आपा, सायलेन्सर आहे तो, कढई नाही, म्हणाला.

बेगायिम हसली नाही. तो घट्ट थेंब तिने काडीने खरवडून काचेच्या नळीत घेतला आणि दुसऱ्या दिवशी डेअरीत तपासला. पाण्यावर तरंगला. अंगाच्या उबेहून थोडा जास्त ताप दिल्यावर वितळला. जनावराची चरबी.

कोणत्या जनावराची, तेही बघता आलं असतं. तिने बघितलं नाही. नळी तीनदा धुतली... आणि मग फेकून दिली.

मिर्लानचं म्हणणं, सायलेन्सरच्या आत काचेची लोकर भरलेली असते, तिच्यात काहीतरी मुरलं असेल. बेगायिमला माहीत होतं की एवढ्या उष्णतेत मुरलेलं काहीही पहिल्या काही दिवसांतच जळून जातं.

शुक्रवारी वास नव्हता.

शनिवारी नव्हता. बुधवारपर्यंत नव्हता.

गुरुवारी चार वाजता परत आला. या वेळी पाइपखाली पेलाभर पांढरं साचलं होतं. त्यावर माशा बसल्या होत्या. नोव्हेंबरात तोकमोकमध्ये माशा नसतात.

तिने सायलेन्सर काढायला सांगितलं. काढतो, म्हणाला, आणि वर टोमणा मारला की नाक प्रयोगशाळेत ठेवून घरी येत जा. तीही थांबली. मुलीला घेऊन नारीनला, आईकडे निघून जावं, असं तिच्या मनात रोज येई. पण सासरचे काय म्हणतील? सून घर सोडून गेली, कशावरून, तर सायलेन्सरवरून.

मग आयझिरेकने जेवणं सोडलं.

नऊ वर्षांची पोर. सुपाची वाटी पुढे केली की मागे सारायची. पोट भरलंय, म्हणायची. सहा दिवस नुसता चहा.

बेगायिमने तिचं वजन केलं होतं, पहिल्या दिवशी. सत्तावीस किलो चारशे. सहाव्या दिवशी पुन्हा केलं.

अठ्ठावीस किलो नऊशे.

तिने प्रयोगशाळेतलं प्रमाणित वजन आणून काटा तपासला. काटा बरोबर होता.

ते आकडे ऐकल्यावर मिर्लानचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी, बुधवारी, त्याने सायलेन्सर उतरवला आणि गावाबाहेर नेऊन टाकला. मुलीला डॉक्टरकडे नेऊ या, म्हणाला. डॉक्टरांनी तपासलं. मुलगी ठणठणीत होती.

यापुढचं सांगताना बेगायिम आजही थांबते. खिडकी लागलेली आहे ना, ते बघते. मग सांगते.

गुरुवारी ती कामावरून लवकर आली. फाटकातच वास आला...

गाडी बंद होती. किल्ली मिर्लानच्या खिशात होती. सायलेन्सर नव्हता, नुसता उघडा पाइप. मिर्लान पायरीवर उभा होता, हात लोंबकळत सोडून. तो बघत होता, पण पुढे जात नव्हता.

गाडीच्या मागे आयझिरेक मांडी घालून बसली होती. पाठमोरी.

बारीक आवाज येत होता.

ती चावत होती.

बेगायिमने हाक मारली. मुलीने वळून पाहिलं. हनुवटी तेलकट, ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं गोठलेलं. घाबरलेली अजिबात नव्हती. ती जराशी बाजूला सरकली... पंगतीत कोणाला जागा करून द्यावी तशी.

पण ती जागा आईच्या बाजूला नव्हती. दुसऱ्या बाजूला होती, जिथे कोणीच नव्हतं.

बेगायिमने तिला उचललं. कडेवर घेतल्यावर कंबर वाकली, इतकी जड. पोरीच्या तोंडाचा वास गालाला लागला आणि तिला तिथेच उलटी झाली. तोंड पुसून ती फाटकापर्यंत गेली. मागून मिर्लान हलक्या आवाजात म्हणत होता, उद्या मुल्लांना बोलावतो, गाडीही विकून टाकतो, उद्या नक्की.

इतके दिवस जे ती गिळत आली होती, ते आता तिने वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मी आयझिरेकला घेऊन नारीनला चाललेय, मिर्लान. या घरात आम्ही परत पाय ठेवणार नाही. तुला यायचं असेल तर ये... पण एकटा ये."