टिल्लूच्या बोटातली साखर

“तंबू माझ्याकडे, दोर टिल्लूकडे आणि शिट्टी... शिट्टीही माझ्याचकडे! उद्या टेकडी सर!” मावसभाऊ कप्तानानं हुकूम सोडला.

“आणि मी?” खारूताईनं विचारलं.

कप्तान घुटमळला. “तुझं माझी आई ठरवेल गं.”

खारूताई संत्री सोलत राहिली. तिला मधुमेह होता. खाण्याआधी बोट टोचायचं, यंत्रात रक्तातली साखर मोजायची आणि त्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस ठरवायचा. सुट्टीत मावशीकडे आल्यापासून पोरं तिच्यासमोर खायला बिचकत आणि ‘दमशील’ म्हणून तिला खेळातून वगळत. संत्री सोलायचं काम मात्र तिनं मागून घेतलं होतं. तेवढंच सगळ्यांत बसायला मिळे! ती स्वतः एक फोडही तोंडात टाकत नसे.

चारच्या खाण्याआधी मावशीनं नेहमीप्रमाणे तिचं बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून टोचलं. आकडा आला तीनशे अठरा!

“कालच्यासारखंच!” मावशी कडाडली. “सकाळी एकशे दहा आणि आता हे? चोरून काय चापलंस?”

“काही नाही! शप्पथ, मावशी!”

“मग काय यंत्र खोटं बोलतंय? उद्याची टेकडी रद्द! आणि आज डोस वाढवायलाच हवा.”

मावशी इन्सुलिनचं पेन आणायला आत गेली. कप्तानानं आणि धाकट्या टिल्लूनं एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे त्यांनाही ती खोटारडीच वाटत होती! खारूताईचे डोळे भरून आले. आई परगावी, आणि या भरल्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं.

पण रडत बसायला वेळ कुठे होता? काल असाच जादा डोस घेतल्यावर संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला होता, हातपाय लटपटले होते. साखर खाल्ली तेव्हा कुठे जिवात जीव आला. साखर खरंच इतकी चढली असती, तर एवढी उतरली कशी? आणि सकाळी सगळं ठीक कसं असतं?

सकाळी संत्री नसतात! तिनं बोटांना बोटं लावून पाहिली. चिकट!

“टिल्लू, बोट दे!”

“माझं? मला कुठे मधुमेह आहे?”

“म्हणूनच दे! आधी त्याला ही फोड चोळ.”

“कप्तानाचं घे ना!”

“घाबरट!” कप्तान हसला आणि त्यानं टिल्लूचा हात धरून ठेवला. खारूताईनं बोट स्पिरिटनं पुसलं आणि कोरी सुई काढून टोचलं.

“आई गं!”

दोनशे सत्त्याऐंशी!

“मेलो! मलाही झाला!” टिल्लूनं भोकाड पसरलं.

मावशी पेन घेऊन धावत आली. “थांब, मावशी!” खारूताई ओरडली आणि मोरीकडे पळाली. साबणानं हात धुऊन, कोरडे करून तिनं पुन्हा बोट टोचलं. एकशे चार!

“आता माझं! धुऊन मोज!” टिल्लू हुंदके देत म्हणाला. त्याचा आकडा आला ब्याण्णव, आणि रडणं तिथंच थांबलं.

मावशीनं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“बोटाला लागलेला रस यंत्रानं रक्तात धरला,” त्या म्हणाल्या. “नुसत्या स्पिरिटनं तो पुरता निघत नाही. हात धुवायलाच हवेत. जादा डोस दिला असता तर मुलगी बेशुद्ध पडली असती. शाबास तिची!”

मावशीनं खारूताईला जवळ ओढलं. “चुकले गं मी. तुला खोटं ठरवलं. तुझ्या डोक्यानंच आज वाचवलं आपल्याला! उद्या जा टेकडीवर, हक्कानं जा.”

मग खऱ्या आकड्यावरून डोस ठरला. कप्तान मात्र गायब झाला होता. तो परतला तेव्हा त्याचे हात ओले होते आणि त्यात एक वेडंवाकडं सोललेलं संत्रं होतं. त्यानं ते खारूताईपुढे धरलं आणि गळ्यातली शिट्टी तिच्या गळ्यात घातली.

“पण याचा हिशेब...” ती पुटपुटली.

“डोसात धरलाय. आईला विचारलं मी.”

इतक्या दिवसांत तिच्यासाठी कुणी संत्रं सोललं नव्हतं. पहिली फोड तिनं इतकी हळूहळू खाल्ली, की टिल्लू वैतागला.

“अगं, गिळ की! पुढची मला हवीय!”