शेजारच्या बाकावरचा संशय

पहिल्याच तासाला तिला उशीर झाला. नर्सची ड्यूटी, सुटता सुटत नाही! धापा टाकत ती अरबीच्या वर्गात शिरली, तर एकच जागा रिकामी... शेवटच्या बाकावर, एका रुंद खांद्यांच्या माणसाशेजारी. मास्तरांनी अरबीत करायला वाक्य दिलं होतं : घर मोठं आहे. पुस्तकात 'घर' सापडलं, 'मोठं' सापडलं. 'आहे' काही सापडेना.

"शोधू नका," शेजारून हळूच आवाज आला. "इथे 'आहे' लागतच नाही. अल्-बैतु कबीर. घर मोठं. झालं वाक्य!"

उच्चार असा, की मास्तरांनीही वळून बघावं. तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकं येतं, तर हा इथे अक्षरं गिरवायला कशाला येतो?

पुढे संशय वाढतच गेला. बोलायला सांगितलं की गडी घडाघडा बोले. फळ्यावर लिहायला बोलावलं की त्याला घाम फुटे, अक्षराखालचं टिंब वर पडे. नाटकी मेला! तरी त्याने खोडरबर पुढे सरकवलं की तिचे कान गरम व्हायचे... आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

एकदा जिन्यात त्याने विचारलं, "तिकडे अरब देशात नोकरी लागलीय ना तुम्हाला? कराराचा कागद एकदा—"

म्हणजे हा नोकरी लावून देणाऱ्या एजंटचाच माणूस!

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही... सही केलीत का, एवढंच सांगा."

"शुक्रवारी करणार आहे. आणि उद्यापासून माझ्याशेजारी बसू नका."

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने पहिल्या बाकावर जाऊन बसला.

गुरुवारी मास्तरांनी शब्दांचे साचे शिकवले. क-त-ब म्हणजे लिहिणं. 'कातिब' लिहिणारा, 'कातिबा' लिहिणारी. घरी येऊन तिने सहज करार काढला. हुद्द्याच्या रकान्यात बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं : खा... दि... मा. साचा तोच. ख-द-म? खिदमत! खिदमत करणारी. नर्सला तर 'मुमर्रिदा' म्हणतात, हा शब्द तिने सगळ्यांत आधी पाठ केला होता. एजंट तिला मोलकरीण म्हणून पाठवत होता!

शुक्रवारी ती तडक पहिल्या बाकापाशी उभी राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही हो. तुमचा कागद मी पाहिलाय कुठे? आणि पाहून तरी काय... मला वाचता कुठे येतं!" तो मान खाली घालून म्हणाला. "क्रेन चालवायची म्हणून मी सही केली. पोचल्यावर कळलं, मेंढ्या राखायच्यात. चार वर्षं. भाषा तिथेच कानावर पडली."

"मग जिन्यातच का नाही सांगितलं?"

"लाज वाटली. तुम्ही भराभर वाचायला लागलात, नि मी टिंबातच अडकलेला..."

तिने डोळे बारीक केले. "आणि शेजारी बसायचात, ते कागदासाठीच?"

"पहिल्या दिवशी तुम्हीच येऊन बसलात," तो लाल झाला. "नंतर... नंतर मात्र मी लवकर येऊन जागा धरायचो. तुमच्यासाठी."

तिने पिशवीतून करार काढून त्याच्यापुढे बाकावर ठेवला. मग म्हणाली, "सही नाही करत मी. कागद परत करायला जातेय उद्या. एजंट गोड बोलून घोळात घेईल. याल बरोबर?"

"येईन."

"मग सरका."

तो घाईघाईने बाकाच्या पार टोकाला सरकला.

"इतकं नाही," ती म्हणाली.