नव्या औषधाची रांग

प्राण्यांच्या खोलीत शिरलं की आधी वास यायचा: भुसा, मूत आणि फिनेल. संशोधक बाईंना तो आता येईनासा झाला होता. तसं त्यांना बरंच काही जाणवेनासं झालं होतं. लग्नाला वर्षं उलटली, मूल नाही. अंडाशयात गाठी, पाळीचा पत्ता नाही. सासूबाईंनी विचारायचंच सोडलं, तेव्हाही बाईंना काही वाटलं नाही.

पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या माद्यांनाही तोच आजार होता. तो बाईंनीच लावलेला. एका रांगेला जुनं औषध, दुसरीला नवं, तिसरीला नुसतं पाणी. जुन्याने फरक पडला तो बेताचाच. नव्याने मात्र माद्यांचं बिघडलेलं चक्र पाहता पाहता ताळ्यावर आलं. मग काय, आपला हात जगन्नाथ! बाईंनी त्यातली थोडी पूड घरी नेली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मात्रा काढताना उंदराचा हिशेब सरळ स्वतःच्या वजनाने गुणला. माणसाला त्याहून कितीतरी कमी लागते, हे त्या स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत. पूड गिळल्यावर चूक लक्षात आली. तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच घेतली. होऊन होऊन काय होणार होतं?

त्याला काही आठवडे झाले. आज माद्यांची अंडाशयं काढून तपासायची होती. पिंजरे सांभाळणारे मामा मेलेली एकेक मादी ट्रेमध्ये ठेवत होते. पाण्याच्या रांगेत गाठीच गाठी. जुन्या औषधाच्या रांगेत थोड्या कमी. मग नव्या रांगेतली पहिली उघडली आणि बाईंचा चिमटा थांबला.

अंडाशय स्वच्छ होतं. त्याखाली गर्भाशयात पिल्लं होती, दाटीवाटीने.

"मामा... हिच्या पिंजऱ्यात नर कधी सोडला?"

"नर?" मामांचा आवाज खाली आला. "या खोलीत नर आलाच नाही, ताई."

दुसरी उघडली. तिसरी. तेच.

"ताई... राहिलेल्या नको उघडायला," असं म्हणत मामा दाराकडे सरकले.

बाईंनी हात धुतले. नवरा बोटीवर जाऊन बरेच महिने झाले होते. हल्ली सकाळी मळमळायचं, ते त्यांनी पित्तावर ढकललं होतं. दुपारी त्या सोनोग्राफीला गेल्या.

अंधारी खोली, यंत्राची घरघर, पोटावर गार जेल. डॉक्टर शाळेपासूनची मैत्रीण.

"अगं, गाठी गेल्या की सगळ्या! आणि हे काय... अभिनंदन, बाईसाहेब! नवरोबा कधी येऊन गेले? पेढे बुडवलेस ना आमचे?"

याच एका बातमीसाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता. आनंद व्हायला हवा होता. निदान भीती तरी. आत दोन्ही नव्हतं.

"एकच आहे ना?" त्यांनी विचारलं.

मैत्रिणीचं हसू मावळलं. तिने पडदा स्वतःकडे वळवला. तिचा हात पोटावरून इकडून तिकडे गेला, परत इकडे आला.

"सांग ना..."

"बोलू नकोस," मैत्रीण कुजबुजली. "तू बोललीस की ती जागा बदलतात... मला परत पहिल्यापासून मोजावं लागतं."